एका छपराखाली

"तिला उचला आणि वडाखाली नेऊन ठेवा," तात्या गावकर म्हणाले. "झावळांचा आडोसा करा, चटई घाला, काय हवं ते करा. पण देवळातून उचला."

कोणी पुढे झालं नाही. सभामंडपाच्या कोपऱ्यात ती बाई खांबाला पाठ टेकून बसली होती. दोन्ही हात मागे नेऊन तिने तो खांब धरला होता आणि खालचा ओठ दातांत दाबला होता. ओरडायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं. तिच्या लुगड्याला, केसांना, पापण्यांनासुद्धा चिऱ्यांची तांबडी धूळ लागली होती. तिच्या पायांशी आमच्या गावची सुईण कोंडूबाई बसली होती.

"मूल पायाळू आहे, तात्या," कोंडूबाई मान वर न करता म्हणाली. "पाय माझ्या हाताला लागतोय. आता हिला कोणी उचललं तर मी पुन्हा हात लावणार नाय. दोन जीव जातील. कोणाच्या पदरात घालायचे ते तुम्हीच ठरवा."

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी झेंडूची तोरणं घेऊन उभी होते. दुसऱ्या दिवशी पावणाईची जत्रा होती. आडवणे गावात पावणाईच्या शब्दाबाहेर काही होत नसे. लग्न, पेरणी, विहीर, भांडण, सगळं देवीला विचारून. विचारायचं ते माझ्या वडिलांच्या हातून. जयराम गुरव हे त्यांचं नाव. मी त्यांना नाना म्हणायचे. देवीची पूजाअर्चा आमच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घर आणि देऊळ या दोनच जागांमध्ये मी वाढले. त्या वर्षी मी बावीस वर्षांची होते आणि रत्नागिरीहून शिक्षिकेचा कोर्स संपवून नुकती परत आले होते.

बाई गावावरच्या कातळमाळावर, सड्यावरच्या चिरेखाणीत कामाला होती. नाव यल्लव्वा. विजापूरकडची. सकाळी कळा सुरू झाल्या तशी ती नवऱ्याबरोबर चालत सडकेकडे निघाली, तालुक्याच्या दवाखान्यात जायचं म्हणून. देवळापाशी तिचे पाय थांबले. सावली दिसली, ती आत आली आणि बसली. नवरा गाडी शोधायला सडकेकडे धावला होता. जत्रेच्या आदल्या दिवशी मोकळी गाडी मिळणं कठीणच होतं.

"विटाळ झाला तर उद्या पालखी निघणार नाय," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. तात्या कधी ओरडत नसत. गावकर म्हणजे देवळाच्या मानपानाचे प्रमुख. त्यांनी हळू बोललं तरी लोक गप्प होत. "मागे एकदा सुतकातल्या माणसाने पालखीला खांदा दिला. आठवतं ना? आठवतं ना सगळ्यांना?"

सगळ्यांना आठवत होतं. त्याच पावसाळ्यात तात्यांचा मोठा मुलगा खाडीत बुडाला. पोहणारा पोरगा, ओहोटीच्या पाण्यात गेला. तेव्हापासून तात्या दर मंगळवारी अनवाणी देवळात येत.

"देवीला विचारा," मागून कोणीतरी म्हणालं. "कौल लावा."

"व्हय, कौल लावा. देवी म्हणेल ते खरं."

तात्यांनी नानांकडे पाहिलं.  नाना समया घासत होते, हातातलं काम त्यांनी थांबवलंही नव्हतं. तात्या त्यांच्याजवळ गेले, दंडाला धरून त्यांना दीपमाळेमागे घेऊन गेले आणि खाली मान घालून काहीतरी बोलू लागले. मी तोरण बांधायचं निमित्त करून त्या बाजूला सरकले. शेवटचेच शब्द माझ्या कानांवर पडले.

"...नीट लाव, जयराम. तुझ्या हातात आहे."

"बघतो," नाना म्हणाले.

 कौल 'नीट लावता' येतो हे मला ठाऊक होतं.

कौल लावायचा म्हणजे देवीच्या दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी पाण्याने चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालून थांबायचं. उजवी आधी पडली तर देवी राजी. डावी पडली तर नाही. एवढंच. पण मी बारा वर्षांची असताना एका कौलाआधी नानांना मागच्या पडवीत पाहिलं होतं. त्यांनी एका कळीचा देठ नखाने खुडून बूड सपाट केलं, दुसरीचा देठ लांब ठेवला. सपाट बुडाची कळी ओल्या दगडाला धरून राहते, देठाची कळी जड असते, लवकर सुटते. त्या दिवशी देवळाच्या आमराईचा कौल होता. एका बाजूला तात्यांचं घर, दुसऱ्या बाजूला एक विधवा बाई. आमराई तात्यांच्या घराकडे गेली. लोकांनी हात जोडले. मीही जोडले, पण नानांच्या हातांकडे बघत.

त्यानंतर नानांनी मला देवीचं काही सांगितलं की मी ऐकून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, ही देवी बोलतेय की तुम्ही?

म्हणून त्या दिवशी मी त्यांच्या आधी धावले. देवळामागच्या तगरीच्या झाडावरच्या दोन कळ्या खुडल्या, अगदी सारख्या. देठ सारखे, वजन सारखं. एकाच वाटीत, एकाच पाण्यात भिजवल्या आणि वाटी नानांच्या हातात दिली.

"मी आणल्यात कळ्या," मी म्हटलं.

त्यांनी वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं असणार. पण ते रागावले नाहीत. "बरं केलंस," एवढंच म्हणाले आणि आत वळले.

"नाना," मी दबक्या आवाजात म्हटलं, "ती आई आहे ना? पावणाई? बाळंतिणीला बाहेर काढा असं आई कशी म्हणेल?"

"तेच तर विचारायचंय," ते म्हणाले.

मी गाभाऱ्याच्या दाराला चिकटून उभी राहिले. मला त्यांच्या हातावरून नजर काढायची नव्हती. त्यांनी आचमन केलं, मूर्तीचे खांदे पुसले. डावा आधी, मग उजवा. दोन्ही सारखेच पुसले का? मला वाटलं, डावीकडचं पाणी जास्त निपटलं. मग त्यांनी कळ्या लावल्या. लावताना ते पुढे वाकले आणि क्षणभर त्यांची पाठ माझ्या आणि मूर्तीच्या मध्ये आली.

तेवढा क्षण पुरे होतो, हे मला माहीत होतं.

नाना मागे सरकले, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणताना त्यांचा आवाज एरवीसारखा नसे, पोटातून येई.

"बाय माझे पावणाई, बारा वाड्यांचे आवशी..."

"व्हय म्हाराजा!" सभामंडपातून लोकांनी साथ दिली.

"आज तुझ्या दारात एक परकी लेक अडली आहे. ती हलण्यासारखी नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"तू आणि ती, दोघी एका छपराखाली चालत असाल तर उजवी दे. चालत नसाल तर डावी दे. कोणाचं मन बघू नको, कोणाचं तोंड बघू नको. तुझं असेल ते सांग."

"व्हय म्हाराजा!"

मग शांतता. बाहेर जत्रेसाठी दुकानं उभारणाऱ्यांच्या कुदळींचा आवाज येत होता, तोही कोणीतरी जाऊन थांबवला. यल्लव्वासुद्धा गाभाऱ्याकडे बघत होती. तिला मराठी फारसं येत नव्हतं, पण काय चाललंय ते तिला समजत होतं. तिच्याही गावात देवी होतीच की. तिच्या कपाळावर घाम होता आणि तिने हात जोडले होते. आम्हा सगळ्यांपेक्षा तिचे हात जास्त घट्ट जोडलेले होते.

डावी कळी सुटली. मूर्तीच्या हातावर आपटली आणि खाली पडली.

लोकांतून एक हुंकार निघाला, काहीजणांनी गालांवर चापट्या मारून घेतल्या. मी नानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, काय सोंग आहे! वरून तात्यांना खूश करायचं आणि आपण धक्का बसल्यासारखं उभं राहायचं.

तात्यांकडे बघितलं तर त्यांनी डोळे मिटले होते. डोळे उघडले तेव्हा ते म्हणाले, "झालं. देवीचा शब्द आला. उचला तिला."

तेवढ्यात यल्लव्वा स्वतःच उठू लागली. खांबाला धरून अर्धी उभी राहिली. "जाते मी," ती म्हणाली. "देवी नको म्हणते. जाते. देवीला राग नको." एक पाऊल टाकलं आणि तिचे गुडघे वाकले. कोंडूबाईने तिला कमरेत धरलं नसतं तर ती तोंडावर आपटली असती. तेव्हा पहिल्यांदा ती ओरडली. तो आवाज मला आजही सांगता येत नाही.

"बसव गो तिला!" कोंडूबाई माझ्यावर खेकसली. मी धावले. आम्ही दोघींनी तिला पुन्हा खांबाशी टेकवलं. माझ्या साडीला रक्त लागलं. तिने माझं मनगट पकडलं आणि सोडेना.

चार माणसं पुढे झाली. उचलायला. त्यांच्या चेहऱ्यावर क्रूरपणा नव्हता. भीती होती. देवीने सांगितल्यावर माणूस जे करतो ते करायला ते निघाले होते.

"थांबा," नाना म्हणाले.

ते गाभाऱ्यातून बाहेर आले. "कौल काय लागला?"

"डावा," तात्या म्हणाले. "सगळ्यांनी पाहिला."

"मी विचारलं काय होतं?"

"तू काय विचारलंस ते सगळ्यांनी ऐकलं, जयराम."

"मी विचारलं, दोघी एका छपराखाली चालतील काय. देवी म्हणाली, नाय. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे दोघींपैकी एकीने बाहेर जायचं." नानांनी यल्लव्वाकडे हात केला. "ही हलू शकत नाय. देवी हलू शकते."

कोणाला काही कळेना. नाना आत गेले आणि तांब्याचा कलश घेऊन आले. त्यात पाणी, आंब्याचा टहाळा, वर नारळ. गाभाऱ्यातल्या मूर्तीसमोर बसून त्यांनी मंत्र म्हणायला सुरुवात केली. तो विधी गावाने पूर्वी पाहिला होता. देवळाचं छप्पर बदललं तेव्हा मूर्तीतलं देवपण असंच कलशात उतरवून बाहेर मांडवात ठेवलं होतं. काम संपेपर्यंत देवी वडाखाली राहिली होती.

"जयराम!" तात्या उंबऱ्याशी आले. तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "असं करू नको. तिला न विचारता तू तिला उठवतोस?"

"छपराच्या वेळी उठवली होती."

"तेव्हा कौल घेतला होता! आज तिने नाय म्हटलंय. माणसासाठी देवीला घराबाहेर काढतोस? ह्याचा अर्थ कळतो तुला?"

"कळतो," नाना म्हणाले. मंत्र थांबला होता.  "देवीला ऊन लागलं तर देवी मरणार नाय, तात्या. सरक."

तात्या सरकले नाहीत. नाना कलश दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले. दोघे उंबऱ्याच्या दोन बाजूंना. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी तात्याच बाजूला झाले. कलशाला आपला धक्का लागू नये म्हणून झाले असावेत. नाना अनवाणी उन्हातून चालत गेले आणि वडाच्या पारावर त्यांनी देवीला ठेवलं.

अर्धा गाव निघून गेला. राहिलेला अर्धा पाराभोवती उभा राहिला आणि देवळाकडे पाठ करून कलशाला हात जोडू लागला. देवळात आम्ही तिघी उरलो. दिवस कलायच्या सुमाराला यल्लव्वाची मुलगी जन्मली. आधी पाय, मग धड, आणि मग डोकं अडलं. कोंडूबाईने काय केलं ते मी पाहू शकले नाही; मी माझं तोंड यल्लव्वाच्या खांद्यात खुपसलं होतं. पोर जांभळी होती. कोंडूबाईने तिला उलटी धरून चोळलं, पाठीवर थापट्या मारल्या, शिव्या दिल्या. आणि मग ती रडली.

नवरा गाडी घेऊन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. आईला आणि मुलीला घेऊन ती गाडी तालुक्याला गेली. दोघी जगल्या. पुढच्या वर्षी खाणीचं काम संपलं आणि ती माणसं निघून गेली. जाताना यल्लव्वा मुलीला घेऊन आली होती, पण देवळात चढली नाही. पायरीला हात लावून गेली.

मला नानांचा अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही, थोडा. पण त्याखाली तो जुना संशय तसाच होता. किंबहुना वाढला होता. मी मनाशी हिशेब मांडत होते. तात्यांनी सांगितलं, नीट लाव. नानांनी डावा लावून दिला. तात्या खूश. मग बाई ओरडली तेव्हा नानांना लाज वाटली आणि त्यांनी शब्दांचा खेळ करून स्वतःची सुटका करून घेतली. उजवा लावला असता तर हे काहीच करावं लागलं नसतं. बाई अडलेली असताना एवढा तमाशा झाला नसता. मी त्यांना तोंडावर विचारलं नाही. पण जेवायला वाढताना, दिवा लावताना माझं बोलणं तुटक झालं. त्यांना ते कळत होतं.

जत्रा कशीबशी झाली. पालखी निघाली नाही. देऊळ धुतलं, शुद्ध केलं, कलश परत आत नेला. मग गावाची बैठक भरली आणि देवीची सेवा नानांकडून काढून माझ्या चुलतचुलत्याकडे दिली गेली. ठराव तात्यांनीच मांडला. "देवीचा शब्द कानावर पडून ज्याने मोडला, त्याच्या हातचं पाणी देवी कसं घेईल?" असं ते म्हणाले. नाना बैठकीत होते. त्यांनी गाभाऱ्याची किल्ली कनवटीची काढून तात्यांच्या हातात दिली आणि घरी आले. त्या दिवसापासून ते आमच्या परसातल्या तुळशीपुढे बसत. देवळात गेले तर सभामंडपातूनच नमस्कार करून येत.

श्रावणात नानांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी उठले ते एका बाजूला कलंडूनच. डावा हात, डावा पाय गेला. तोंड किंचित वाकडं झालं. गावात एकच गोष्ट झाली: डावा कौल मोडला, देवीने डावं अंग घेतलं. समोर कोणी बोललं नाही, पण भेटायला येणारी माणसं उंबऱ्यावरूनच बघून जात. लहान मुलांना तर आणतच नसत.

एके दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. बाहेर कोणीतरी शेजारणीला हीच गोष्ट सांगत होतं, सगळी ऐकू येत होती. नाना ऐकत होते. मला राहवलं नाही.

"तुम्हीच डावा लावलात," मी म्हटलं, "आणि देवीवर ढकललंत. आता लोक म्हणतात देवीने शिक्षा केली. कोणाचा शब्द मोडल्याची? तुमचाच की."

नानांनी पेज गिळली. वाकड्या तोंडाने त्यांना सावकाश बोलावं लागे.

"तुला असं वाटतं, मी डावा लावला?"

"तात्या दीपमाळेमागे म्हणाले ना, नीट लाव म्हणून. मी ऐकलं."

"अर्धं ऐकलंस. तात्या म्हणाला, उजवा लाव. म्हणाला, माझ्या तोंडाने मी हो म्हटलं तर गाव मला खाईल, आणि पुन्हा काही झालं तर मी मलाच खाईन. ही बाई मरायला नको, जयराम. देवीच्या तोंडून हो म्हणव."



"तात्या?"

"तात्याच. त्याचा पोरगा गेलाय गो. दुसऱ्याचं पोर मरावं असं त्याला कशाला वाटेल?"

"मग तुम्ही उजवा का नाही लावलात? तुम्हाला येत होतं ना लावता?"

"येत होतं." त्यांनी मान वळवून छताकडे पाहिलं. "पुष्कळ वेळा लावला. कधी भांडण मिटावं म्हणून. कधी कोणाचं लग्न मोडू नये म्हणून. आमराईचा लावला तो तात्याच्या घराच्या भीतीने. ते वाईट होतं. ती बाई पुढे काय काय सोसत गेली ते मी बघितलं. इतकी वर्षं देवीच्या तोंडात मी माझे शब्द घातले, बरे आणि वाईट. त्या दिवशी म्हटलं, आता नाय. दोन जिवांचा प्रश्न आहे. इथे तिलाच बोलू दे. खरंच विचारू. एकदा तरी." त्यांचा उजवा हात गोधडीवर हलला. "तू कळ्या आणल्यास, मला बरंच वाटलं. मी काही केलं नाय. दोन्ही खांदे सारखे पुसले, दोन्ही कळ्या सारख्या लावल्या. आणि मला पक्कं माहीत होतं ती काय म्हणणार ते. तू म्हणालीस ना, आई आहे ती? मलाही तसंच वाटत होतं."

"आणि ती नाही म्हणाली."

"नाय म्हणाली."

बाहेरचं बोलणं थांबलं होतं. मग माझी सवय उफाळून आली.

"खरं सांगताय?"

ते हसले. वाकड्या तोंडात ते हसणं विचित्र दिसलं. "आता खोटं बोलून मला काय आमराई मिळणारे?"

"मग नाना, तुम्हाला वाटतं ती खरंच देवी बोलली? की नुसती कळी पडली, दगडावरून पडते तशी?"

"मी जन्मभर तिच्या पायाशी बसलो. कळी पडली म्हणजे ती बोलली, असंच मी धरतो. उजवी पडली असती तर मी म्हटलंच असतं ना, देवी बोलली म्हणून? मग डावी पडली तर नुसता दगड, असं कसं म्हणू?"

"म्हणजे देवीनेच सांगितलं, आणि तुम्ही ते मोडलंत."

"मोडलं."

"जाणून?"

"जाणून. ते छपराचं बोललो ते लोकांसाठी. मला ठाऊक होतं तिने काय सांगितलं ते. तिलाही ठाऊक होतं मला कळलंय ते." ते दमले होते, श्वास घेऊन पुन्हा बोलले. "कलश घेऊन चाललो होतो ना, तेव्हा तिला म्हटलं, तू नको म्हणालीस, मी करतोय. पाप असेल तर माझ्या माथी घाल. त्या पोरीच्या नको."

"आणि हे?" मी त्यांच्या निर्जीव हाताकडे पाहिलं. "हे तिनेच केलं असं वाटतं तुम्हाला?"

"केलं असेल. तिचा अधिकार आहे."

"मग आपली चूक झाली म्हणायची का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या साध्या गोष्टीचा मी प्रश्न करते याचं त्यांना नवल वाटल्यासारखं दिसलं.

"चूक कसली? शिक्षा झाली म्हणून चूक होते काय?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली. ते डोळे मिटून पडले, झोपले असं मला वाटलं. पण मी उठायला लागले तसे म्हणाले, "इंदू, उद्या मंगळवार. देवीला ओटी घेऊन जा. मला जाता येत नाय."

"तुम्हाला असं अंथरुणाला खिळवलं तिने, आणि तिला ओटी?"

"भांडण झालं म्हणून आईचं करायचं सोडतो काय कोणी?"

दुसऱ्या दिवशी मी ओटी भरली. नारळ, तांदूळ, हिरवा खण, हळदकुंकू. देवळात गेले तेव्हा तात्या गावकर सभामंडपात त्या खांबापाशी बसले होते, एकटे. मला बघून त्यांनी विचारलं, "जयराम कसा आहे?" मी म्हटलं, "बरा आहे." त्यांना आणखी काही विचारायचं होतं. मलाही त्यांना काही सांगायचं होतं. दोघांनीही ते तसंच ठेवलं.

चुलतकाकांनी ओटी घेऊन देवीपुढे ठेवली. मी गाभाऱ्याच्या दाराशी उभी राहिले. समईच्या उजेडात पावणाईचा दगडी चेहरा दिसत होता, रुंद कपाळ, चांदीचे डोळे, कधी न बदलणारा. नमस्कारासाठी मी हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. इतकी वर्षं मी नानांच्या हातांकडे जशी बघत आले होते, तशी त्या दिवशी तिच्याकडे बघत राहिले.